खाली पडलेली ओळ

त्या गुरुवारी बाबांचा आवाज मध्येच तुटला आणि ओळ खाली पडली. आमच्या बीरगांवच्या भजन मंडळात ओळ खाली पडू देत नाहीत. पुढे म्हणणाऱ्याला ठसका लागला, श्वास अपुरा पडला, तर खंजिरी थांबायच्या आत शेजारच्याने तिथूनच ओळ उचलायची. बाबा नागपूरकडच्या गावाहून इथे कारखान्यात आले, तेव्हा ही रीत सोबत घेऊन आले होते. त्या दिवशी शेजारी मी होते. ओळ मला पाठ होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी मान खाली घातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि वर्गातल्या कुणी मला भजनात गाताना पाहिलं तर काय म्हणेल, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

खंजिरी थांबली. "काहून वं पोट्टी, कॉलेजात जाऊन तोंड शिवून आली का?" मंडळातले काकाजी म्हणाले. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात कळलं की बाबांच्या गळ्यात गाठ आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. नंतर आवाज पूर्वीसारखा येईल का, हे आताच सांगता येणार नाही, असंही म्हणाले. दिवसभर भट्टीजवळ राबून दर गुरुवारी देवाला आळवणारा तो गळा. दुखणं नेमकं तिथेच का यावं? मी घरातल्या तसबिरीपुढे हात जोडणं सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही, नुसतं सोडलं.

त्याच दिवसांत कॉलेजात माझा सेमिनार होता. मॅडमनी विषय दिला होता: एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्याचा इतिहास आणि अर्थ. गाणं श्रद्धेचं. ज्याने लिहिलं त्याच्या आवाजात ते फारसं कुणी ऐकलं नाही, पण पुढे कितीतरी जणांनी ते आपापल्या चालीत म्हटलं. कुणी गिटारच्या गजरात, कुणी नुसत्या पेटीवर, कुणी इतकं हळू की ते पाळण्यासारखं वाटावं. यातलं खरं गाणं कोणतं, हे शोधायला मी वही भरत गेले. मूळ गाण्यात चार कडवी होती. चौथ्यात गाणारा म्हणतो की मी दार ठोठावलं, कुणी उघडलं नाही, तरी मी इथून हलणार नाही. हे कडवं जवळजवळ सगळ्यांनी गाळलं होतं. मला वाटलं, सापडलं! लिहिणाऱ्याचा विश्वास उडाला होता आणि बाकीच्यांनी ते झाकून ठेवलं. सेमिनारमध्ये मी हेच ठासून सांगणार होते. खरं म्हणजे ते मला स्वतःलाच सांगायचं होतं.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, मी बाबांच्या खाटेशी बसून तेच गाणं ऐकत होते. इअरफोनची वायर जेवणाच्या डब्यात अडकून निघाली आणि सगळ्या वॉर्डात गिटार घुमली. समोरच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टर मात्र हसल्या. त्या केरळच्या होत्या.

"बंद मत करो बेटा. ये तो हमारे चर्च में गाते हैं, अपनी भाषा में."

मी चाचरत विचारलं, "दीदी, वो चौथावाला आप लोग भी छोड़ देते हो न?"

"छोड़ेगा कैसे?" त्या सलाईनच्या थेंबांकडे बघत म्हणाल्या. "जिसको दरवाज़ा खुला मिल गया, वो अंदर चला गया. बाहर खड़ा आदमी ही तो गाता है."

मोबाईलवरचं गाणं संपलं होतं. त्यात चौथं कडवं नव्हतंच. सिस्टरनी ते हळू आवाजात स्वतः सुरू केलं, माझ्यासाठी इंग्रजीतच. दुसरी ओळ अर्धी झाली असेल, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली आणि त्या ओळ तशीच टाकून धावल्या.

आणि मला ठेका ऐकू आला. बाबा डब्याच्या झाकणावर बोटांनी खंजिरी वाजवत होते. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. पण ओळ पडते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि ते माझ्याकडे पाहत होते. अगदी त्या गुरुवारसारखे.

मी उचलली. आवाज कापत होता, दोन शब्द चुकले, समोरचे आजोबा टक लावून बघत होते. तरी कडवं शेवटपर्यंत म्हटलं. ठेका थांबला तेव्हा बाबांनी बोलण्याऐवजी लिहायला उशाशी ठेवलेली पाटी ओढली आणि लिहिलं: "बेसूर होती. पण उचलली."

तयार केलेली पानं मी सेमिनारच्या आदल्या रात्री बाजूला ठेवली. खरं गाणं कोणतं हे मला सापडलं नाही, असं मी वर्गात सांगितलं. कुणीतरी अर्ध्यावर ठेवलेली ओळ पुढचा उचलतो, हाच त्या गाण्याचा इतिहास आहे. आणि दार बंद असतानाही उचलतो, हा त्याचा अर्थ. मग आमच्या मंडळाची रीत सांगितली. भर वर्गात. मॅडमनी मान डोलावली.

बाबांना दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सिस्टर ड्यूटीवर नव्हत्या. आभार मानायचे राहून गेले. त्या दुपारी त्या योगायोगाने आल्या की पाठवल्या गेल्या, हे मी ठरवत नाही. तसबिरीपुढे मात्र पुन्हा हात जोडते, आता काही न विचारता.

बाबांचा आवाज आला, पण घोगरा, दोन ओळींत दमणारा. तरी दर गुरुवारी सुरुवात तेच करतात. "व्हय पुढं," म्हणजे पुढे हो, असं म्हणून मला शेजारी बसवतात. त्यांचा श्वास कुठे संपतो ते आता मला नेमकं ठाऊक आहे. मी तिथे थांबलेली असते.