खालच्या कुरणातल्या गाई

फेलिम मॅकगर्क हा आर्मातला, अगदी सीमेलगतचा आयरिश शेतकरी. दुधावर घर चालायचं. माणूस इतका सावध, की कुणी हवापाणी विचारलं तरी विचारणारा कुणाचा कोण ते आधी मनात ताडून बघायचा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या वर्षांत आमच्याकडे बंडखोर आणि ब्रिटिश सैन्य यांची झुंज चालू होती, आणि तोंड उघडणारा माणूस रस्त्याच्या कडेला मरून पडलेला सापडायचा.

जून महिना होता. सकाळच्या धारा चालू असताना शेजारचा मॅलकी गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. दुधाच्या भावाबद्दल रडून झालं. मग जाता जाता म्हणाला, "उद्या खालच्या कुरणात गाई ठेवू नकोस."

का, असं फेलिमने विचारलं नाही. कुरण रस्त्याला लागून होतं, रस्त्याखाली मोरी होती, आणि सैनिकांची गाडी रोज त्याच रस्त्याने जायची.

संध्याकाळी त्याने गाई बाहेर काढल्या, तर नेमकी तीच गाडी समोर आली आणि गाई रस्ता ओलांडेपर्यंत थांबली. एक कालवड बिथरून उलटी पळाली. तसा गाडीतून एक पोरगेलासा सैनिक उतरला. बंदूक पाठीवर टाकून, हात पसरून, चुचकारत चुचकारत त्याने तिला वळवून आणलं. बोलण्यावरून तो वेल्सचा वाटत होता.

"काय हो, गवत गुडघाभर उभं आहे की," तो म्हणाला. "एवढ्यात कुठे हलवताय यांना?"

"माश्या फार झाल्यात," फेलिमने ठोकून दिलं.

पोरगा हसला, कालवडीच्या पाठीवर थाप मारून गाडीत चढला.

त्या रात्री फेलिमने स्वतःला हरतऱ्हेने समजावलं. बायको आहे, पोरं आहेत, बोललो तर सगळेच जाऊ. भीती खरी होती, पण ती सगळी हकिकत नव्हती. ते सैनिक त्याला आपल्या गावात नकोच होते. मेलेलेही नको होते. पण हे कुणाला सांगायला तो उठला नाही.

सकाळी मोरी उडाली. चार सैनिक मेले. वरच्या कुरणातल्या गाईंनी माना वर केल्या आणि पुन्हा चरायला लागल्या. नशीब तुझं, एक शेपूट दगावलं नाही, असं लोक म्हणायचे, आणि तो मान हलवायचा. खालच्या कुरणात मात्र त्याने पुन्हा जनावर घातलं नाही. एवढं गवत वाया जातंय म्हणून बायकोने, ब्रोनाने, त्याचं डोकं खाल्लं. जमीन बिघडली, एवढंच तो सांगायचा.

मारामाऱ्या थांबल्या, ब्रोना गेली, फेलिमचे गुडघे गेले. खूप वर्षांनी एका दुपारी वेल्सहून नेस्ता नावाची बाई आली. त्या पोराची, एमरिसची, ती मोठी बहीण. मोरीपाशी फुलं ठेवून ती फेलिमच्या दारात आली, हातात घरी केलेला केक घेऊन.

चहा पिताना म्हणाली, "आदल्या संध्याकाळी त्याचा घरी फोन आला होता. कित्येक महिन्यांनी गाईला हात लागला म्हणून इतका खुशीत होता! कुणाच्या गाई ते आज तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. तुमचे आभार मानायला आले मी." मग हसून म्हणाली, "तुमची थट्टाही करत होता हो. असलं गवत सोडून गाई हलवतो, म्हणे, हा कसला शेतकरी!"

फेलिमने नुसतं हसायचं होतं, म्हणजे भागलं असतं. पण त्याने केकची बशी बाजूला सारली. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

"मला आदल्या सकाळीच कळलं होतं," तो म्हणाला. "म्हणून हलवल्या."

नेस्ताने खिडकीबाहेर, खालच्या कुरणाकडे पाहिलं. ना रडली, ना आवाज चढवला.

"मग त्यालाही त्यांच्याबरोबर हाकलायचं होतंत," ती म्हणाली. "आला असता हो तो. गाईंमागून चालायला त्याला फार आवडायचं."