गारांची वाकळ

“आपण नुसतं कापड धरायचं. रंग देणारा येगळा हाय,” असं अंथुर्ण्याची कुशाबाई सारखी म्हणायची. घरची मेंढरं गेल्यावर गावातले पटके आणि विटलेली लुगडी अंगणातल्या घमेल्यात रंगवणारी बाई ती. तिनंच असं म्हणावं, याचं लोकांना हसू यायचं.

त्र्याण्णव सालच्या फाल्गुनात तिनं मांजरपाटाचं कापड सोड्याच्या पाण्यात भिजवून बाजेवर पसरलं होतं. थंड पाण्यात बसणाऱ्या रंगाच्या पुड्या उशाला होत्या. एकाएकी गारा आल्या आणि कुशाबाई घरात पळाली. पुड्या फुटून रंग गारांवर सांडला. गारा सावकाश विरघळल्या आणि रंग थेंबाथेंबानं कापडात उतरला. संध्याकाळी ती बघते तर जांभळ्यातून गुलाबी निघालेलं, गुलाबीतून निळं, आणि कुठला रंग कुठं संपला ते बोट ठेवून सांगता येऊ नये. असा रंग तिच्या हातून कधी उतरला नव्हता.

तिची लेक झुंबर पणदऱ्याला दिलेली. झुंबरची पहिली दोन बाळं महिन्याच्या आत गेली होती. तिसऱ्या वेळी कुशाबाईनं ते कापड वरच्या बाजूला लावून वाकळ शिवली. त्या वाकळेत निजलेली स्वराली जगली.

शहाण्णव साली झुंबरला पुन्हा दिवस गेले. माघात, आठवा लागल्यावर, ती दोन दिवस माहेरी आली आणि आईच्या मांडीला हात लावून म्हणाली, “आये, तसलीच वाकळ पायजे.”

“स्वरालीची हाय की गं.”

“तूच सांगितलंयस. जगल्या लेकराच्या अंगावरची वाकळ काढायची न्हाय.”

हे कुशाबाईला तिच्या सासूनं सांगितलेलं, तिनं लेकीला सांगितलेलं. आता ते मोडायचं कुणी?

कुशाबाईचा नवरा गेणबा बारामतीला गेला. बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घेतली, भुशात घालून पोत्यात बांधली आणि एसटीत चढला. कंडक्टर म्हणाला, “आबा, पोतं गळतंय. आत काय करडू कोंडलंय का?”

“बर्फ हाय. नातवंडाच्या वाकळंला,” गेणबा म्हणाला. सगळी गाडी हसली, आणि गाडी अंथुर्ण्यात पोचायच्या आत बातमी पोचली.

कुशाबाईनं बर्फ वरवंट्यानं फोडला, कापडावर मांडला, वर रंग भुरभुरला. उन्हानं घटकेत पाणी झालं. सगळे रंग एकात एक मिसळून काळपट डाग पडला, त्यात भुसा चिकटलेला.

“बर्फ त्यो बर्फच की,” गेणबा कुरकुरला.

“ह्यो माणसानं केलाय,” ती म्हणाली. “त्यो वरनं आलेला.”

उरलेलं कापड तिनं सोड्यात भिजवून तयार ठेवलं. मग नुसती वाट बघणं राहिलं. पण गारा पडू दे, असं म्हणायचं कुठल्या तोंडानं? बांधापलीकडं द्वारकाबाईची द्राक्षाची बाग उभी होती, आठ दिवसांवर तोडणी आलेली. रोज तिसऱ्या प्रहरी दोघी आपापल्या दारात उभ्या राहून एकाच ढगाकडं बघायच्या. एकीला तो हवा होता, दुसरीला नको होता.

“कुशाबाय, जावई वरनं उतरणार हाय का काय?” द्वारकाबाई चिडवायची. मग हसत हसतच विचारायची, “बिरदेवाला गारांचा नवस तर केला न्हाईस न्हवं?”

“न्हाय गं बाई.”

नवस खरंच केला नव्हता. त्या दिवसांत ती देवळाकडं फिरकलीच नाही. हात जोडल्यावर तोंडातून काय निघेल, याचा तिला भरवसा नव्हता.

तोडणीला दोन दिवस असताना गारा पडल्या. पाऊण तास पडल्या. कुशाबाई पाटी घेऊन बाहेर धावली आणि बांधापाशी थबकली. पलीकडं द्वारकाबाई गुडघाभर पानांच्या आणि घडांच्या चिखलात उभी होती. रडतही नव्हती. कुशाबाईनं पाटी पालथी घातली आणि तिच्यावरच बसली.

“अगं भर की! इरघळाय लागल्या,” गेणबा ओरडला.

“उचलवंना मला.”

अंगणातल्या गारा तिच्यासमोर बारीक होत चालल्या. तेवढ्यात द्वारकाबाई बांध ओलांडून आली. तिच्या कडेवर पाटी होती, गारांनी भरलेली. गारांत फाटकी पानं आणि फुटके मणी होते.

“घे. माझं गेलंच हाय. ह्येचं तरी कायतरी होऊ दे.”

“द्वारके, मी नवस न्हाय गं केला.”

“ठावं हाय मला. कापड कुठंय?”

दोघींनी मिळून गारा पसरल्या, रंग भुरभुरला. द्वारकाबाई कापड वाळेपर्यंत तिथंच बसून राहिली. रंग पहिल्यासारखा आला नाही. जांभळं होतं, पण त्यात पानांचे हिरवट ठिपके आणि द्राक्षाच्या रसाचे तपकिरी डाग होते. कुशाबाईनं ते चारदा उजेडाला धरलं. दुसरं कापड नव्हतं, दुसऱ्या गारा नव्हत्या. ती शिवायला बसली.

पाचव्या दिवशी सकाळी पणदऱ्याहून निरोप आला, झुंबरला कळा सुरू झाल्या. कुशाबाई वाकळ छातीशी धरून निघाली. बागेत द्वारकाबाई मांडवाच्या तुटलेल्या तारा गोळा करत होती.

“चांगला उतरलाय का गं रंग?” तिनं विचारलं.

कुशाबाईनं वाकळ जरा उचलून दाखवली. “कापड धरलंय बघ,” एवढंच म्हणाली आणि चालू लागली. कालव्याच्या पुलावरून तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत द्वारकाबाई हातात तार धरून बघत उभी होती.