सिमेंटचा लॅम्पशेड आणि आमचे सर

दिव्यांच्या शोरूममध्ये विकायला दिवे असतात, सांगायला किस्से. आमचे दिवे खपेनात, त्यामुळे किस्सेच साचत गेले! त्यातही बहुतेक एकाच लॅम्पशेडचे.

आमचे मालक रोहित सर परदेशात डिझाइन शिकून नाशिकला आले आणि अंबडच्या वर्कशॉपमधून त्यांनी काँक्रीटचा लॅम्पशेड ओतून घेतला. चौकोनी, करडा, बाजूंना बारीक फटी. "ब्रुटलिस्ट आर्किटेक्चर! सिमेंट उघडंच ठेवायचं!" सर म्हणाले. आम्हाला तो पाण्याच्या टाकीसारखा दिसला. पण पगार सर देतात, त्यामुळे आम्ही "वा!" म्हणालो.

*

उद्घाटनाला सरांनी बाकीचे सगळे दिवे बंद करून तो एकटाच लावला. "प्रकाश दिसायला नको, जाणवायला हवा." सर बोलत राहिले, आम्ही जाणवून घेत राहिलो.

बऱ्याच वेळाने शेजारचा झेरॉक्सवाला दारात आला. "तुमच्याकडेपण लाईट गेलीय का?"

*

पंचवटीतल्या एक काकू आल्या. लॅम्पशेडवरून हात फिरवत म्हणाल्या, "याला रंग कधी देणार?"

"काकू, हेच फिनिशिंग आहे," सर म्हणाले.

"आमचा बिल्डरपण हेच म्हणाला होता!"

*

एका हाडांच्या डॉक्टरांनी मात्र हौसेने हॉलमध्ये लावून घेतला. आठवड्याभरात लॅम्पशेड फॉल्स सीलिंगसकट सोफ्यावर! नशीब, सोफ्यावर कोणी नव्हतं. सर धावत गेले. वर उघडा पडलेला स्लॅब, लोंबणाऱ्या वायरी. सर भारावून बघतच राहिले.

"डॉक्टर, आता कुठे तुमची रूम लॅम्पला मॅच झाली!"

डॉक्टरांनी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं. दंडाला धरून.

*

मग सरांनी तोच लॅम्पशेड गुपचूप फायबरमध्ये बनवला, वर सिमेंटचा रंग. घोटीहून एक राइस मिलवाले आले. त्यांना सर सांगत होते, "ब्रुटलिझम म्हणजे प्रामाणिकपणा. मटेरियल लपवायचं नाही."

त्यांनी बोटाने टकटक केली. "साहेब, हे तर पोकळ हाय!"

सरांनी त्यांचं बोट हळूच बाजूला केलं. मग म्हणाले, "खऱ्या प्रामाणिकपणाचं वजन छताला झेपत नाही हो."

*

शेवटी मुंबईचे एक मोठे आर्किटेक्ट नाशिकला हॉटेल बांधणार असल्याचं कळलं. ही ऑर्डर गेली तर शोरूमला टाळं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सरांनी त्यांना घरीच चहाला बोलावलं. फायबरचा लॅम्पशेड सरांनी आईंच्या खोलीत लावला होता, तो दाखवायचा होता. मी कॅटलॉग घेऊन हजर.

खोलीत गेलो तर छताला नुसता बल्ब! आई रिटायर्ड शिक्षिका. त्या उजेडात पेपर वाचता येईना, म्हणून त्यांनी लॅम्पशेड उतरवून, उलटा करून, गॅलरीत त्यात तुळस लावली होती. फटींत उदबत्त्या.

सरांचा चेहरा पडला. आर्किटेक्ट मात्र तुळशीपुढे उभे. "ब्रिलियंट! लॉबीत मला अशाच कुंड्या हव्यात. कोणी डिझाइन केली?"

"मीच की," आई म्हणाल्या.

चहा घेताना, कुंडीच्या नादात सरांना विसरलेल्या आर्किटेक्टनी सहज विचारलं, "आणि चिरंजीव काय करतात?"

आईंनी बशी पुढे सरकवली.

"तो ना? तो दिवे लावतो."