वेलदोडा घातलेले दिवे

मिलोची भाकरी ज्यानं खाल्ली नाही त्याला ती समजावून सांगणं अवघड आहे. दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी तव्यावर असेपर्यंत भाकरी, खाली उतरली की वहाण. आमच्या गावात एकानं ती कुत्र्याला फेकून मारली, तर कुत्रं लंगडत श्रीगोंद्याला जाऊन तक्रार देऊन आलं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणजे त्या वर्षी मी सगळ्यांना असंच सांगत होते, आणि सगळे मान डोलवत होते. खोट्याला पाणी लागत नाही हे फार बरं होतं, कारण पाणी काही नव्हतंच.

काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. शेतं मोकळी पडलेली, गुरं छावणीत, आणि आम्ही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला. मी सतराची. माझ्याबरोबर मुलाण्याची पोर, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आणि तिसरी आमच्या शेजारच्या काकूंची नवी सून. तिला आम्ही वहिनी म्हणायचो, खरं तर आमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. माहेर राहुरीकडचं, कॅनॉलच्या कडेचं. नवरा श्रीरामपूरच्या बाजूला कारखान्यावर कामाला गेलेला आणि हिला सातवा महिना. मुकादम तिला उन्हात उभी करायचा नाही. बसून बारीक खडी फोडायचं काम द्यायचा.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडली की आमची पंगत बसायची. ताटात मिलो आणि मिरचीचा ठेचा, पण तोंडात पंचपक्वान्नं. आमचा खेळच होता तो. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी तिचा वाढदिवस, आणि तिच्या घरचं जेवण तिनं बाकीच्यांना तोंडानं वाढायचं. जी सर्वांत मोठी थाप मारेल तिला दुसरीच्या वाटची चिमूटभर सुकडी. कामावर मिळणारी ती गोडसर भुकटी म्हणजे त्या वर्षीची आमची बर्फी.

"माझ्या आईची पुरणपोळी," मी सुरू करायचे, "इतकी पातळ, इतकी पातळ, की काष्टीच्या स्टँडवर येष्टीच्या वेळापत्रकावर टाकली तरी आरपार वाचता येतं. आमच्या मामानं नगरची गाडी तशीच धरली."

"हॅट्!" मुलाण्याची पोर म्हणायची. "आमच्याकडं ईदीला शिरखुर्म्याचं पातेलं उतरवायला चार गडी लागायचे. एकदा त्यातला एक आत पडला. रमजान ईदीला पडला, बकरी ईदीला घावला. अन् काय लठ्ठ झाला हुता माहितेय!"

"भवाने, त्याला पोहता येत न्हवतं व्हय?"

"खजूर धरून बसला हुता ना!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसायची, पण स्वतः काही वाढायची नाही. तिची पाळी आली की म्हणायची, "आमच्यात काय न्हाई हो वन्सं. साधंच असतंय."

एक दिवस मी तिला छेडलंच. "काय हो वहिनी, राहुरीला एवढा ऊस, एवढं पानी, अन् तुमच्या वाढदिवसाला काय खडीसाखर दाखवून परत ठिवीत हुते?"

ती लाजली. मग हळूच म्हणाली, "माझा जनम रथसप्तमीचा. आई त्या दिशी कनकेचे दिवे करती. जेवढी वर्सं तेवढे दिवे. ववाळती, अन् मग तेच खायाचे."

"नुसती कनीक?" मुलाण्याच्या पोरीनं तोंड वाकडं केलं. "याला सुकडी न्हाई मिळायची."

वहिनीनं आमच्याकडं पाहिलं. आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"नुसती कशी? गुळाच्या पान्यात मळती. वेलदोडा घालती मूठभर. वर तूप, असं कोपरापत्तूर वघळ आला पायजे. वास अस्सा सुटतो, की कॅनॉलच्या पल्याडची मान्सं पोहत येत्यात."

आम्ही दोघी किंचाळलोच. मी माझ्या वाटची सगळी सुकडी तिच्या पदरात ओतली. वाटलं, आली बाई, आमच्या पंथात आली एकदाची!

"अन् यंदा बी येनार हाय आई," ती सुकडी चाटत म्हणाली. "सांगून गेलीय दिवाळीत. रथसप्तमीला येती, एकोनीस दिवे करती, अन् मला बाळंतपनाला घिऊन जाती."

त्या दिवसापासून ती दिवस मोजायला लागली. खडीचा एकेक खडा पदराच्या गाठीत बांधायची. रथसप्तमी किती लांब, तर गाठीत अजून किती मावतील तेवढी.

एका सकाळी हातोडा माझ्या अंगठ्यावर बसला होता म्हणून मी घरी राहिले. अंगण झाडत होते तर काकूंच्या दारात एक परका माणूस बसलेला दिसला. समोर पाण्याचा तांब्या, तसाच भरलेला. दुष्काळात कुणी समोरचं पाणी तसं सोडत नाही. काकू त्याच्यासमोर उकिडव्या बसलेल्या, डोक्याला हात लावून. तो वहिनीचा भाऊ होता. आईला ताप आला, तीन दिवस उतरला नाही, चौथ्या दिवशी पहाटे गेली. आदल्या दिवशीच.

"बहिनीला भेटून जा," काकू म्हणाल्या.

"न्हाई आत्या. तिच्यासमोर माझ्यानं उभं ऱ्हावनार न्हाई," असं म्हणून तो उठला आणि बहीण कामावरून यायच्या आत काष्टीची वाट चालायला लागला. पाणी तसंच.

काकूंना वाईट म्हणू नका. त्यांची स्वतःची लेक अशीच सातव्यात असताना बापाच्या मरणाची बातमी ऐकून पडली होती, आणि पोटातलं गेलं होतं. त्यांनी मला आत ओढलं, माझा सुजलेला अंगठा दुखतोय याचंही भान न ठेवता हात घट्ट धरला.

"बाळंत हुईपत्तूर तिला कळता कामा नये. आमी बोललो तर तोंडावर दिसंल. तू बोल. तुझं खोटं तिला गोड लागतं."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खोटं बोल म्हणून गळ घालत होतं. आणि मी बोलले. त्या संध्याकाळी वहिनी कामावरून आल्यावर तिला सांगितलं, तुमचा भाऊ येऊन गेला, बाजाराच्या गडबडीत होता, आईचा पाय मुरगळलाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी काष्टीच्या बाजारात भेटलं, म्हणे पायाला सूज आहे. चौथ्या दिवशी सूज एवढी वाढली की पाय खाटेवर आणि खाट अंगणात, कारण घरात मावेना. वहिनी हसली. पोटावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलाण्याची पोर तेवढी हसली नाही. तिला मी खरं सांगितलं होतं.

मेलेल्या बाईचा पाय मी रोज बोटबोट सुजवत होते, आणि तिची लेक माझ्या पुढ्यात बसून हसत होती. मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, पुढंही मारल्या. पण तेवढं हसू मला अजून पचलेलं नाही.

रथसप्तमी दोन दिवसांवर आली आणि वहिनीनं भाकरी बाजूला सारायला सुरुवात केली. काकूंनी हात जोडले तरी एवढंच म्हणायची, "आई आली की तिच्या हातचं खाईन. पाय दुखला तरी येनार ती. बैलगाडीत घालून आना म्हनंल, पण येनार." सातव्या महिन्याची बाई दोन दिवस उपाशी. काकू माझ्या दारात येऊन बसल्या, आणि माझ्या डोक्यात ती कल्पना आली. त्या कल्पनेचं मला इतकं कौतुक वाटलं, की आज स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

दिवेच करायचे. आईनं पाठवले म्हणून सांगायचं.

काकूंनी डब्याच्या तळाशी जपलेले गहू काढले, बाळंतिणीच्या खिरीसाठीचे. गूळ माझ्या आईनं दिला, लिंबाएवढा खडा. तूप देवाच्या निरांजनासाठी वाटीभर राखलेलं होतं, ते घेतलं. वेलदोड्याशी मात्र घोडं अडलं. वेलदोडा त्या वर्षी आमच्या गावात पाहायला तरी होता का? मी म्हटलं, त्याच्याशिवाय चालणार नाही, तिच्या आईचे दिवे ओळखू येतात ते वेलदोड्यानंच. मुलाण्याची पोर उठली. तासाभरानं परत आली तेव्हा तिच्या मुठीत तीन वेलदोडे होते. ईदीचे उरलेले, तिच्या अम्मानं ओढणीच्या गाठीत बांधून ठेवलेले.

"मागितले का चोरले?" मी विचारलं.

"मेल्या मान्साचं नाव घिऊन मागता येतंय का? चोरले."

आम्ही दोघींनी कणीक मळली, गुळाच्या पाण्यात, वेलदोडा कुटून. एकोणीस वाट्या वळल्या, प्रत्येकीला वातीसाठी चिमटा काढून चोच केली, चाळणीत उकडल्या. वास खरंच असा सुटला, की काकूंच्या भिंतीपलीकडचं म्हातारं उठून बसलं. हे खरं आहे. मग दिवे एका जुन्या डब्यात भरले आणि सकाळी मी तो वहिनीपुढं ठेवला.

"पहाटंच्या गाडीनं तुमच्या गावचा मानूस उतरला, काष्टीला. त्यानं दिला. आईनं पाठवलेत. पाय उचलत न्हाई म्हनून बसून बसून केले म्हनं."

वहिनीनं डबा उघडला. एकेक दिवा उचलून पाहिला, बोटानं मोजला. अठरा, एकोणीस. तिचा चेहरा असा उजळला की काकूंनी वळून डोळे पुसले. दारात पाटावर तिला बसवलं, दिव्यांत तूप घालून वाती लावल्या, काकूंनी ओवाळलं. मग वहिनीनं एक दिवा विझवला, वात काढली, आणि मोडून तुकडा तोंडात घातला.

चावता चावता ती थांबली.

एवढंच. थांबली, माझ्याकडं पाहिलं, परत चावायला लागली. सगळा दिवा खाल्ला. दुसराही खाल्ला. "गोड हाय," म्हणाली. बाकीचे तिनं सासूला, मला, मुलाण्याच्या पोरीला वाटले. एक मात्र पदरात बांधून घेतला. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, जिंकले!

त्या दिवशीही काम होतंच. दुपारी आम्ही बाभळीखाली बसलो. भाकरी कुणीच सोडली नाही. वहिनीनं पदराची गाठ सोडून दिवा बाहेर काढला, हातावर ठेवला.

"वन्सं," ती म्हणाली, "वेलदोडा मी पैल्यांदा बघितला तो लग्नात. इड्यात. थुकून टाकला, म्हटलं हे काय तिखट लागतंय."

मी न सोडलेल्या भाकरीची गाठ चाचपत बसले.

"आमच्या घरात वेलदोडा कधी आला न्हाई. आईचे दिवे नुसत्या कनकेचे. मीठ बी विसरायची. मी दर वर्साला वरडायची तिच्यावर." तिनं दिवा बोटानं फिरवला. "त्या दिशी तुमी दोघी हसाल म्हनून मी वाढवून सांगितलं. सुकडीसाठी."

सगळ्या गावाला बनवणारी मी. आणि मी त्या गरीब बाईच्या एकुलत्या एका थापेवर विश्वास ठेवला होता. ती थाप मळली, उकडली, तूप घातलं, आणि तिलाच खायला घातली.

"कवा गेली?" तिनं विचारलं.

मुलाण्याच्या पोरीनं तिचा हात धरला. मी तोंड उघडलं. सूज, खाट, अंगण, गाडी, सगळं तयार होतं जिभेवर. "आज अकरावा दिस," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. जशी एखादी बाई भाव ऐकून हलवते तशी. मग म्हणाली, "म्हंजी मी रोज हसत हुते." आणि जरा वेळानं, "अन् आज गोड खाल्लं."

ती रडली नाही. काकूंना ज्याची भीती होती तसं काहीच झालं नाही. पोटातलं पोर सुखरूप राहिलं, पुढं चैत्रात मुलगी झाली, ती आता स्वतः आजी आहे. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. ती नुसती बसली होती, पोटावर एक हात, तळव्यावर दिवा, आणि तिच्या न रडण्याची मला इतकी भीती वाटत होती की आजूबाजूचे हातोडेसुद्धा ऐकू येईनात. तिनं दोन दगड मांडले आणि त्यांच्या आडोशाला दिवा ठेवला, चोच दक्षिणेकडं करून. तूप सांडून गेलेलं, वात नाही. तसाच.

"वन्सं," ती म्हणाली, "आज माझा वाढदिवस. मला वाढा."

"काय वाढू?"

"माझ्या आईचे दिवे."

मला कळलं ती काय मागत होती. मूठभर वेलदोडा, कोपरापर्यंत तूप, कॅनॉल पोहून येणारी माणसं. मला ते येत होतं. मी म्हटलं असतं तर कॅनॉलच काय, गोदावरीसुद्धा पोहायला लावली असती माणसांना. पण जीभ वळेना.

"नुसत्या कनकेचे," मी म्हणाले. "मीठ न्हाई. विसरली हुती."

तेव्हा कुठं ती रडली.