बटण सेलची रिकामी जागा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला मी स्टँडवर चोरून खाल्लेल्या भज्यांचीसुद्धा कबुली देतो — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. पाठीवर कोवळं ऊन आहे, समोर चहा आहे, आणि आत्ता मनात आलं, सांगून टाकावं.

माझं छान चाललंय, हे आधीच सांगतो. मुरबाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, पोरं मार्गी लागली, गुडघे अजून कुरकुरत नाहीत. आडवा झालो की डोळा लागतो. असल्या माणसाला कसली आलीय बोचणी? तुम्हाला असंच वाटेल. मलाही बहुतेक दिवस तसंच वाटतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. धसईच्या पुढच्या एका गावाने नळाच्या पाण्याचा पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र माझ्याकडून बसवून घेतलं. हाताच्या पंजाएवढा एकच बोर्ड, त्यावर अख्खा छोटा कॉम्प्युटर आणि त्याचं घड्याळ. पहाटे पंप सुरू, टाकी भरली की बंद. सगळी जुळणी माझ्या हातची. काय मिरवलो म्हणून सांगू — गावात वरबापासारखा फिरत होतो!

त्याआधी पंप काळूदादा चालवायचा. माझ्या वडिलांच्या वयाचा, अंगाने काटक. पंपघराची किल्ली कायम कमरेच्या करदोट्याला बांधलेली. यंत्र आलं तेव्हा तो सरळ म्हणाला होता, "मंग आता माझं काय काम रे?" सरपंचांनी समजूत घातली — तू देखरेखीला राहा, पगार चालूच आहे. तो राहिला.

आणि यंत्राचं घड्याळ भरकटायला लागलं. पंप कधी भरदुपारी सुरू व्हायचा, कधी व्हायचाच नाही. पहाटे नळ कोरडे आणि बायका रिकामे हंडे घेऊन सरपंचांच्या दारात. मी जाऊन वेळ लावून यायचो. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. गावात कुजबुज सुरू झाली — काम जाईल या भीतीने म्हाताराच काहीतरी करतो.

एकदा मी बोर्ड पुरता खोलला. पंपघरात मी एकटा, बाहेर सरपंच आणि बरीच माणसं. आणि मला दिसलं — बटण सेलची जागा रिकामी. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणारा तो एवढासा चपटा सेल — मी बसवलाच नव्हता! शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की एखाद्या दिवशी क्षणभर व्होल्टेज फारच पडायचं, बोर्ड बंद पडून पुन्हा उठायचा, आणि घड्याळ रात्रीच्या बारापासून नव्याने मोजायला लागायचं. एवढंच होतं. नवशिक्यानेही करू नये अशी चूक.

सेल माझ्या पिशवीतच सापडला. बसवला. झाकण लावलं. बाहेर आलो, आणि — काय सांगायचं होतं मला? "माझी चूक," दोनच शब्द. पण गाव बघत होतं, आणि माझा धंदा नवा होता.

"आत कुणीतरी हात लावतंय," मी म्हणालो.

नाव घेतलं नाही मी. घ्यायची गरज होती का? किल्ली एकाच्याच कमरेला होती. "मी नाय हात लावला, देवाशपथ," काळूदादा म्हणाला — सरपंचांकडे नाही, माझ्याकडे बघून. मी पिशवी आवरत राहिलो. त्याच दिवशी सरपंचांनी त्याची किल्ली काढून घेतली, पुढे त्याचं कामही गेलं.

त्या दिवसापासून घड्याळ चुकलं नाही. कसं चुकेल? पण गावाला आयता पुरावा मिळाला — म्हातारा हटला आणि यंत्र सुधारलं! माझं नाव झालं. आजूबाजूच्या गावांची कामं आली, दुकान वाढलं. आणि खोटं कशाला बोलू, मी खूश होतो.

पुष्कळ वर्षांनी तो धसईच्या बाजारात भेटला. उंबरमाळीला लेकीकडे राहत होता, कुणाच्या तरी लग्नाला आला होता. मी तोंड चुकवणार, तोच त्याने हाताला धरून चहाला बसवलं. राग नाही, काही नाही. मग हळूच म्हणाला, "मिस्तरी, मी जाम इचार केला. ती पेटी मी रोज फडक्यानं पुसायचो ना — तवाच कायतरी हाललं असल. माझ्याच हातून झालं ना रे?"

इतकी वर्षं तो हे शोधत होता. आता तर सरपंच नव्हते, गाव नव्हतं, धंद्याची भीती नव्हती. आम्ही दोघंच होतो.

"असेल, दादा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, आणि आपल्या कपातला थोडा चहा माझ्या बशीत ओतला.