गावपळणीतलं बुकिंग

आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा, सलग तीन दिवस, एकही माणूस नसतो. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. माझ्या वेबसाइटला ती माहीत नव्हती, आणि तिला सांगण्याचं काम माझं होतं.

या प्रकाराला गावपळण म्हणतात. ग्रामदेवाचा कौल घ्यायचा, त्याने हुकूम दिला की घरदार आहे तसं टाकून माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन माडाच्या झापांच्या राहुट्यांत राहायचं. त्या तीन दिवसांत गाव देवाचं. आत पाऊल टाकायचं नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. का, असं विचारायचं नाही. (मी सहावीत असताना विचारलं होतं. बाबांनी त्या वर्षी मला गणिताची जादा उदाहरणं घातली.)

बाबा म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घरात मालवणी बोलतात, पण रागावले की शुद्ध पुस्तकी मराठीवर येतात. लहानपणी त्यांनी 'इकडे ये' म्हटलं की मी पळायचो, 'हय ये' म्हटलं की जायचो.

पुण्यातली नोकरी सोडून मी घरी आलो तेव्हा ते महिनाभर शुद्ध मराठी बोलत होते. मी वेबसाइट बनवतो, ते काम कुठूनही करता येतं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या मते काम म्हणजे सकाळी डबा घेऊन बाहेर पडणं. मी लुंगीवर बसून डायल-अपच्या किंचाळ्या ऐकत असायचो. शेवटी आई मध्ये पडली आणि तह झाला. आमच्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, मी त्यांची वेबसाइट करायची. शिमग्यापर्यंत त्यावरून पाहुणे आले आणि नीट पार पडले, तर मी गावात राहायचं. नाही तर बॅग भरून पुण्याला.

आता माझ्या छंदांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघाला. घरी आल्याआल्या मी पक्ष्यांचे फोटो काढायला लागलो. एका खंड्याचे दोनशे फोटो काढले, त्यातल्या निम्म्यात नुसती फांदी होती. मग गरी घेऊन खाडीवर मासे धरायला बसलो. एका पावसाळ्यात एक शेंगटी मिळाली, तीही हाताला काटा मारून गेली. त्यानंतर नकाशांचा नाद लागला. सायकल घेऊन आजूबाजूच्या सगळ्या पायवाटा पालथ्या घातल्या आणि वेबसाइटवर असा नकाशा टाकला की बघत राहावं. मुख्य रस्ता सोडून शेजारच्या तोंडवलीच्या बाजूने, किनाऱ्याने, सुरूच्या बनातून थेट आमच्या मागच्या पाणंदीत उतरणारी वाट मी लाल ठिपक्यांनी दाखवली होती. 'हीच वाट घ्या,' असं ठळक अक्षरांत लिहिलंही होतं.

त्याहून मोठा पराक्रम म्हणजे आपोआप जाणारं उत्तर. पाहुण्याने वेबसाइटवर तारीख भरली की मी झोपलेला असलो तरी त्याला बुकिंग पक्कं झाल्याचं पत्र जायचं. मजकूर मी अगदी मन लावून लिहिला होता. 'आमच्या दाराला कुलूप नसतं. आम्ही दिसलो नाही तर शेतात असू. संकोच करू नका. ओटीवर बसा, चहा टाका, आपलंच घर समजा.'

दिवाळी झाली तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "कोण इलो?" मी म्हणायचो, "वेबसाइट बघून गेले सात जण." ते म्हणायचे, "बघून गेले काय? मग दारात चपला दिसाक नाय ता."

अशात कौल झाला. गावचे गुरव तात्या देवळातून हुकूम घेऊन आले आणि चार दिवसांत गाव उठणार हे ठरलं. घरोघरी धांदल उडाली. कोंबड्या डाल्यात गेल्या, तांदूळ पोत्यात गेले. आईने माझ्या टेबलाकडे बघितलं.

"रे बाळू, गावात जिता कायएक ठेवचा नाय. तुझो ह्यो कंपूटर जितो आसा काय रे?"

"नाय गो. बटण बंद केला की मेलो."

"नक्की मां?"

"नक्की."

मी बटण बंद केलं, वर चादर घातली आणि निघालो. वेबसाइट त्या कंप्युटरात नसते, ती लांब कुठल्या तरी देशातल्या मशीनवर दिवसरात्र जागी असते, हे जगाला समजावून सांगण्याचे मी पैसे घेतो. त्या दिवशी मलाच आठवलं नाही. कॅलेंडरवरचे ते तीन दिवस 'खोली शिल्लक' म्हणून हिरवेगार राहिले.

आमची राहुटी व्हाळाच्या अलीकडे होती. तो ओढा म्हणजेच गावची हद्द. पलीकडे भाताचा एक कुणगा, आणि कुणग्याच्या त्या टोकाला आमचंच घर. आपलंच घर लांबून बघत बसायला गंमत वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या घरातला फोन वाजायला लागला. सगळं गाव चिडीचूप, त्यामुळे प्रत्येक घंटा इकडे स्पष्ट ऐकू येत होती. थांबला. परत वाजला. परत थांबला. तिसऱ्यांदा वाजला.

"बघ," आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझो इंटरनेट वाजता."

"रॉंग नंबर असतलो."

"तीनदा?"

मी विषय बदलला.

दुपारी चारच्या सुमाराला व्हाळावर भांडी घासणारी एक शेजारीण ओरडली, "गुरुजींच्या ओटीर कोणतरी बसलो हा!"

अख्खा गाव व्हाळाकाठी गोळा झाला. खरंच, आमच्या ओटीवर, बाबांच्या आरामखुर्चीत, कोणीतरी बसलं होतं. पांढरा लेंगा, पांढरी बंडी, पांढरे केस. पाय लांब सोडून निवांत. वेशीवर चार गडी राखणीला बसलेले असताना कुणी आत जाणं शक्यच नव्हतं. एका बाईने बोट दाखवलं तर तात्यांनी तिचा हात खाली केला.

"बोट दाखवू नको गो. हात जोड. देव म्हाराज इलेत. विश्रांती घेतत."

सगळ्यांनी हात जोडले. मग सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. गावात एवढी घरं, त्यातलं आमचं घर देवाने निवडलं होतं. बाबांनी टोपी सरळ केली.

"माझ्याच खुर्चयेत?" ते हळूच म्हणाले.

"तुमच्याच," तात्या म्हणाले. "तीस वर्सां पोरांक शिकवलात, तेचा फळ ह्या."

"अवो, दोरयेर कपडे तशेच रवले," आई काळजीने पुटपुटली. "देव काय म्हणतलो?"

तेवढ्यात घरातून फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. "सोबत देवी पण," तात्या म्हणाले, पण आवाज जरा कचरत होता. देवीने कॅमेरा काढला आणि तुळशीचा फोटो घेतला. देवाने खिशातून एक कागद काढून उलगडला. कागदाच्या चारी बाजूंनी हिरवी माडांची नक्षी होती.

बुकिंगच्या पत्राभोवतीची ती नक्षी मी काढली होती. एकेक झावळी वेगळी, दोन रात्री खपून.

इकडे बाबा ताठ उभे होते आणि ज्या म्हाताऱ्यांनी त्यांना कधी धड नमस्कार केला नव्हता ते त्यांच्या पाया पडायला वाकत होते. मला बाबांचं फार वाईट वाटलं. दहा मिनिटं गप्प बसावं, ते पाहुणे आपोआप निघून जातील, असाही विचार मनात आला. पण देव उठून आत गेला, आणि मला पत्रातले पुढचे शब्द आठवले. चहा टाका.

"बाबा," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "ते देव नाय. ते पावणे आसत."

"कोणाचे?"

"आपले. वेबसाइटवरचे."

बाबांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे," ते म्हणाले, आणि शुद्ध मराठी सुरू झाली, "गावपळण चालू असताना तू गावात माणसे पाठवलीस?"

"मी नाय. वेबसाइटनं."

"वेबसाइट कोणाची आहे?"

व्हाळाच्या कडेला जाऊन मी तोंडाभोवती हात धरून ओरडलो, "अहो साहेब! बाहेर या!"

पाहुणे दारात आले, मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "नमस्कार! मी आपटे, पुण्याहून! सकाळी फोन केला, कुणी उचलला नाही! पण तुमचा नकाशा फार सुंदर! कुणालाही विचारावं लागलं नाही!"

"कुणी नव्हतंच विचारायला! तुम्ही आधी बाहेर या!"

"येतो हो, जरा चहा टाकतो! तुम्ही घेणार ना?"

"नको! चूल पेटवू नका!"

"संकोच कसला! आपलंच घर समजा, तुम्हीच लिहिलंय!" आणि ते आत गेले.

व्हाळाकाठी एकच गलका उठला. चूल पेटली तर गावपळण मोडली. मोडली तर तीन दिवस पहिल्यापासून मोजायचे, असं कुणीतरी म्हणालं. "परत तीन दिस? माझी म्हस आताच आटली," दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि ही म्हैस माझ्यामुळे आटली असावी अशा नजरेने सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत जाऊन आपट्यांना आणणंही शक्य नव्हतं. जो जाईल तो आणखी एक पाऊल गावात टाकेल.

तेव्हा बाबा पुढे झाले. तीस वर्षं एका खोलीत चार वर्ग सांभाळलेला आवाज त्यांनी काढला.

"आपटे! हातातले खाली ठेवा! आणि बाहेर या!"

झाडावरचे कावळे उडाले. दोन मिनिटांत आपटे कुणग्यातून येताना दिसले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चपला, मागे बाई. व्हाळ ओलांडून आल्यावर ते बाबांसमोर हात बांधून उभे राहिले. पुढे कळलं की ते बँकेत मोठे साहेब होते.

"काडी ओढलीत का?" बाबांनी विचारलं.

"नाही. तुम्ही ओरडलात तेव्हा ती पेटीतच होती."

गाव हळूहळू श्वास घ्यायला लागला. आईने आपटेबाईंचा हात धरून त्यांना राहुटीत नेलं. थोड्या वेळाने दोघांच्या पुढ्यात बांगड्याची आमटी आणि तांदळाची भाकरी होती. आपटे कोकणस्थ. त्यांनी बांगड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तिसरी भाकरी मागून घेतली. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्यासोबत झापांखाली राहिले, व्हाळात डुंबले, तात्यांसोबत भजनात बसले. निघताना म्हणाले, "असा अनुभव कुठेच मिळाला नाही. सगळ्या पुण्याला सांगतो."

मी बाबांकडे बघितलं. वेबसाइटवरून पाहुणे आले होते, खूश होऊन गेले होते, शिमगा अजून लांब होता. तह मी जिंकला होता.

तिसऱ्या दिवसाअखेर गाव परत आत जायच्या आधी तात्या म्हणाले, झाल्या चुकीबद्दल देवाला गाऱ्हाणं घालायला पाहिजे. सगळे वेशीवर उभे राहिले, मीही मान खाली घालून. तात्यांनी नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या हुकमान गाव सोडून भायर बसली..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

"त्यात ह्या गुरुजींच्या झिलान काय ता नेटार घालून दोन पावण्यांक तुझ्या गावात धाडल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"ता अजाणतेपणी झाला, ता पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

तात्या नारळ ठेवणार, इतक्यात बाबा पुढे वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. तात्यांनी मान हलवली, नारळ पुन्हा वर उचलला आणि आवाज चढवला.

"आणि ह्या पोराचे घरात बसून चाललेले खेळ बंद करून, तेका पुण्याक डबो घेवन जावची एक बरी नोकरी लागांदे रे म्हाराजा!"

गटाराच्या पाटापासून देवळाच्या रंगापर्यंत कशावरही ज्याचं कधी एकमत झालं नाही, तो आमचा सगळा गाव एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

सवयीने मीही म्हणालो. आई म्हणते, सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.