डेडस्टॉक रजिस्टरातली सत्तावीस यंत्रं

त्या दुपारी लिहायला घेतलेला पंचनामा मी विसरू शकलेलो नाही. माझ्या नोकरीत अर्धवट राहिलेला तो एकच.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. मंगळवारी सकाळी एक वृद्ध गृहस्थ काखेत जाडजूड वही घेऊन आले. पूर्वी शाळेत मुख्याध्यापक होते, आता त्यांचा स्वतःचा क्लास होता. सगळा परिसर त्यांना नुसतं 'सर' म्हणे. आमच्या वरिष्ठांची मुलंही त्यांच्याकडेच शिकलेली.

वही म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर होतं. शाळेत बाकं, पंखे, नकाशे यांची नोंद त्यात करतात आणि वर्षातून एकदा सगळं मोजून पाहतात. सरांनी तीच शिस्त क्लासमध्ये आणली होती.

"रविवारी सराव परीक्षा होती," ते म्हणाले. "तेव्हा मी स्वतः पडद्यावरून यादी उतरवली. एकतीस सर्व्हर. सोमवारी पडताळणी केली, तर चार."

"बाकीचे सत्तावीस?"

"ते शोधणं तुमचं काम."

संशय त्यांनीच सांगितला. परीक्षेची ऑनलाइन व्यवस्था पाहणारी मुलगी. तिनं शनिवारी राजीनामा दिला होता, अंधेरीला नवी नोकरी लागली होती; महिनाअखेरपर्यंत मात्र ती क्लासमध्ये येणार होती. सोमवारी सरांनी यंत्रं कुठं गेली विचारलं, तर ती हसून म्हणाली, "ती गेली सर. ती राहत नाहीतच." सरांना ही कबुली वाटली. मलाही तशीच वाटली, हे लपवत नाही.

रजिस्टरात प्रत्येक यंत्रापुढे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक ओळख लिहिलेली होती. चोरीच्या मोटारसायकलचा चासी नंबर असतो तशी. आमचे रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारे हवालदार, खूश झाले. "साहेब, नंबर आहेत म्हणजे माल सापडतो. सगळ्या ठाण्यांना कळवू?"

"आधी जागा बघू," मी म्हणालो.

क्लासमध्ये एक खोली, एक संगणक आणि एक प्रिंटर. एकतीस यंत्रं मावतील अशी जागाच नव्हती. "ती इथं नव्हती," सर म्हणाले. "यादीत ठिकाण मुंबई लिहिलंय."

"मुंबईत कुठं?"

"नुसतं मुंबई."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग हद्द कुणाची धरायची साहेब?"

"ते नंतर बघू," मी म्हणालो. मुलीला महिला शिपायाबरोबर गाडीत बसवून ठाण्यात आणलं. क्लासच्या दारात शिक्षक, शिपाई, दोन तुकड्यांची मुलं उभी होती. ते मी पाहिलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

ती विक्रोळीची, वय पंचवीस-सव्वीस. मी विचारलं, "यंत्रं कुणाला दिलीस?"

"कुणाला नाही सर. ती आपली नव्हतीच. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीकडून, भाड्यानं मिळतात. परीक्षेला गर्दी झाली की वाढतात, गर्दी गेली की बंद होतात."

"बंद कोण करतं?"

"आपोआप."

"म्हणजे तू घरी गेल्यावर?"

"मी असले काय, नसले काय."

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, ह्या आपोआपला समन्स कुठल्या पत्त्यावर काढायचं?" मुलगी हसली आणि दुसऱ्याच क्षणी तोंड झाकून रडायला लागली. नव्या कंपनीला पोलिसांचा चारित्र्य दाखला हवा होता. गुन्हा नोंदला गेला तर तो मिळणार नव्हता.

बाहेर तिचे वडील उभे होते. गिरणीत काम केलेले, मूळचे मालवणकडचे. "साहेबांनू, माझा चेडू कोणाची सुय सुद्धा घेवचा नाय." असं प्रत्येक बाप आपल्या मुलीबद्दल सांगतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. इकडे वरिष्ठांचा फोन आला, सरांची तक्रार अजून अर्जावरच का, गुन्हा का नोंदला नाही? मी एक दिवस मागून घेतला.

मुलगी जाताना म्हणाली, "उद्या दोन वाजता बारावीची चाचणी आहे. समोर बसून बघा ना."

बुधवारी आम्ही दोन पंच घेऊन क्लासमध्ये गेलो. मुलीचा फोन आणि लॅपटॉप मी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तिला दाराशी महिला शिपायाजवळ बसवलं, हात मांडीवर. संगणकावर यादी उघडली. दोनला दोन मिनिटं कमी होती. मी सांगू लागलो, "लिहा. पडद्यावर चार यंत्रं दिसत आहेत."

चाचणी सुरू झाली. थोड्या वेळानं एक पंच म्हणाला, "साहेब, सहा."

पंचनाम्यात खाडाखोड झाली की तिथं पंचांची सही घ्यावी लागते. हवालदारांनी चार खोडून सहा केले, दोघांच्या सह्या घेतल्या. सह्या होईपर्यंत नऊ झाली. पुन्हा खोडलं, पुन्हा सह्या. मग तेरा. दुसरा पंच वैतागला. "साहेब, हिला थांबायला सांगा ना जरा!"

मी दाराकडे पाहिलं. मुलीचे हात मांडीवरच होते.

सर रजिस्टर उघडून नंबर ताडून पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला. "ही ती नाहीत. यातला एकही नवा नंबर माझ्या यादीत नाही."

"म्हणजे गेलेली परत आली नाहीत?" मी विचारलं.

"ती परत येत नाहीत सर," मुलगी दारातून म्हणाली. "दर वेळी नवी येतात."

चाचणी संपल्यावर आकडा उतरू लागला. तेरा, नऊ, पाच, चार. कुणीही कशाला हात लावला नव्हता. हवालदारांनी तो सह्यांनी भरलेला कागद माझ्यापुढे धरला. "शेवटी काय लिहू?" मी कागद तसाच घडी करून घेतला.

तक्रार गैरसमजातून झाल्याचं लिहून सरांचा अर्ज दप्तरी दाखल केला, प्रकरण मिटवलं. पोलिसाच्या मनाला एक वळण पडतं. काल होतं ते आज नाही, म्हणजे कुणीतरी नेलंच असणार. निवृत्तीनंतर, गेल्या वर्षी, माझी पत्नी आजारानं गेली, तेव्हा कित्येक महिने मी असाच माणूस शोधत होतो. कधी डॉक्टर, कधी नर्स, बहुतेक वेळा मी स्वतः. केस पेपर काढून तारखा जुळवत बसायचो. त्याविषयी अधिक लिहिणं मला जमणार नाही. मात्र त्या काळात ही मुलगी पुष्कळदा आठवली.

अर्ज निकालात निघाला त्याच दिवशी, दाखल्याची अडचण उरली नाही, हे सांगायला मी तिला आणि वडिलांना बोलावलं होतं. ती खूश दिसली नाही.

"सर, मला गाडीत बसवलंत ते सगळ्यांसमोर. मी चोरी केली नाही, हे मात्र कागदावर."

"गे, गप रव," वडील घाबरून म्हणाले.

यासाठी आमच्याकडे नमुना नाही, पद्धतही नाही. दुसऱ्या दिवशी दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत मी गणवेशात क्लासमध्ये गेलो. सरांनी स्वतः सगळ्यांना मोठ्या वर्गात जमवलं. ती मागे उभी होती. चोरी झालेली नाही, हिचा काही दोष नाही, चूक आमची झाली, असं मी मोठ्यानं सांगितलं. सरही उभे राहिले. "आणि माझी," एवढंच म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग ती यंत्रं गेली कुठं?"

बुधवारी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी मला ते सांगता येईना. गणवेशात, इतक्या लोकांपुढे, मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "मला माहीत नाही. पण हिनं नेली नाहीत."

मागे ती रडत होती, पण या वेळी तिनं तोंड झाकलं नव्हतं.